नऊ नंबरची नळी

इसागानीने तांब्याची नळी नाकाशी धरली, हुंगली आणि समोरच्या तरुणाला विचारलं, "किती अंडी उकडलीस रे?"

रांगेत हशा पिकला. तरुणाचे कान लाल झाले.

"अंडी? कसली अंडी, कुया?" त्याने थोरल्या भावाला म्हणावं तसं विचारलं.

"मलाच शिकवतोस? कोरी नळी उकडलेल्या अंड्यांबरोबर पिशवीत कोंडली की एका रात्रीत काळी पडते, दोन वर्षं वापरल्यासारखी. वास मात्र जात नाही. हो बाजूला. घरी जाऊन अंडी खा."

सकाळपासूनचा हा तिसरा. मारिकिनातल्या त्याच्या लेथच्या शेडबाहेर साठेक माणसं उभी होती आणि आत टेबलावर तीसच नळ्या होत्या. वर्षाला तीस, एकही जास्त नाही. इसागानीची उमेदीची वर्षं जीपनीचे, म्हणजे प्रवासी जीपगाड्यांचे, बुश कातण्यात गेली होती. मग सिगारेट सोडायला निघालेल्या एका ड्रायव्हरसाठी त्याने तांब्याचा व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी वाफेची नळी, कातून दिला आणि बघता बघता नाव झालं. खाली बटण, आत बॅटरी, प्रत्येक आटा हाताने घासलेला आणि बटणावर कोरलेला नंबर.

नाव झालं तसे दलालही आले. गेल्या वर्षी सकाळी वाटलेल्या तिसातल्या अकरा नळ्या संध्याकाळी फोनवर चौपट भावाने विकायला लागल्या होत्या. डब्यातून बाहेरही न काढलेल्या! पैशाचं त्याला एवढं वाटलं नाही. पण आपण जीव ओतून केलेली वस्तू कुणाच्या तोंडाला न लागता कपाटातून कपाटात फिरते, याने तो आठ दिवस नीट जेवला नव्हता. म्हणून यंदा नियम केला होता. आधीची नळी दाखवायची. वापरलेली असेल तरच नवी मिळेल. हाताच्या घामाने तांबं काळवंडतं आणि दलालाकडचं चकाकत राहतं, इतकं ते सोपं होतं.

"तांबं खोटं बोलत नाही," तो ज्याला त्याला ऐकवत होता.

"माणसांनाही विचारत जा की," यादी लिहिणारी त्याची बायको लिगाया वहीतून मान वर न करता म्हणाली. "तीही कधीकधी खरं बोलतात."

एवढ्यात टेबलापुढे एक म्हातारी आली. अंगात काळा झगा, काखेत केळीच्या पानात बांधलेली सुमानची, चिकट भाताच्या गोड वळकट्यांची, जुडी. तिने रुमालाची गाठ सोडली. आतली नळी इतकी लखलखीत होती की इसागानीचे डोळे दिपले.

"ही घ्या. मी—"

"वा!" त्याने नळी उंच धरून रांगेला दाखवली. "आता आज्यासुद्धा या धंद्यात! लोला, कोणी पाठवलं तुम्हाला? नातवाने?"

"कोणी नाही. मी कालच घासून—"

"घासायला ती वापरावी लागते, लोला! अंडी उकडायचेही कष्ट घेतले नाहीत तुम्ही."

लोक पोट धरून हसले. कोणीतरी फोन काढून चित्रीकरण सुरू केलं. म्हातारीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, "बरं," म्हणाली आणि चालू लागली. नळी टेबलावरच राहिली.

"अहो लोला, माल विसरलात! चौपट भाव येईल!" मागून एक जण ओरडला आणि इसागानीही हसला.

रांगेतला एकच माणूस हसला नाही. तो दोमिंग, अँतिपोलोच्या रस्त्यावरचा जीपनी ड्रायव्हर.

"कुया गानी, ती आपल्या फिडेलची बायको."

"कोण फिडेल?"

"माझ्याच लाइनचा. दिवसाला तीन पाकिटं ओढायचा, मग तुझी नळी घेतली. गेला तो. आज चाळिसावा दिवस त्याचा." दोमिंगने टेबलावरच्या नळीकडे बोट केलं. "मयताच्या जागरणाला दलाल आले होते, शवपेटीशेजारी उभे राहून भाव सांगत होते. हिने झाडू घेऊन हाकलले. फिडेल सांगून गेला होता, ज्याने बनवली त्याला परत दे म्हणून."

इसागानीने नळी उलटी केली. बटणावर नऊ कोरलेला होता, म्हणजे एके काळी होता. आता त्याची नुसती शेपटी उरली होती. बाकीचा आकडा अंगठ्याखाली झिजून गेला होता आणि त्या जागी उथळ खळगा पडला होता. त्याने नळी उघडली. आतले आटे काळे कुळकुळीत होते. सगळ्यात आधी तिथे बघायचं असतं हे त्याच्याएवढं कोणाला ठाऊक होतं? चकाकी पाहून त्याची मती गुंग झाली होती.

"जा ना," लिगाया म्हणाली. "बघत काय बसलास?"

तो तसाच स्लिपरा फटफटवत धावला. थांब्यावर जीपनी भरायची वाट पाहत उभी होती. म्हातारी आत ड्रायव्हरच्या मागेच बसली होती, मांडीवर सुमान. तो तिच्यासमोरच्या बाकावर टेकला. धाप लागली होती.

"लोला, माझं चुकलं."

"लोला नको म्हणूस, मी तुझी आजी नाही. मघाशी चार लोकांत म्हणालास तेवढं पुरे झालं."

"आते... ताई, माफ करा मला. फिडेलची आहे हे मला कळलं नाही."

तिने मांडीवरची जुडी सावरली. मग म्हणाली, "दुसऱ्याची वस्तू परत करायची तर स्वच्छ करून करावी, हे मला आईने शिकवलंय. इतके दिवस तिला हात लावला नव्हता. काल चिंच आणि मीठ घेऊन बसले. हात भरून आले, पण एक डाग ठेवला नाही." तिने त्याच्याकडे पाहिलं. "तुझ्या दारात उभी होते तेव्हा ऐकलं, ते काळं हाताच्या घामाचं असतं म्हणून. म्हणजे ते त्याच्या हातचं होतं. हो ना?"

इसागानीला नाही म्हणायचं होतं. पण त्याची मान होकारात हलली.

"मी मळ समजून धुतलं रे," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

त्याचेही डोळे भरून आले. त्याने नळी तिच्या हातात दिली, उलटी केली आणि तिचा अंगठा धरून बटणावर ठेवला.

"हे घासून जात नाही, आते. कशानेच नाही. हे त्यानेच केलंय. मला परत नको ही. तुम्हीच ठेवा."

ती बटण चाचपत राहिली. आधी हळूच, मग त्या खळग्यात अंगठा नीट बसला. मांडीवरची सुमानची जुडी तिने दुसऱ्या हाताने त्याच्याकडे सरकवली.

"चाळिसाव्याचं आहे. बायकोला दे."

तेवढ्यात शेवटची जागा भरली. इसागानी खाली उतरला. इंजिन सुरू झालं, भाड्याची नाणी हातोहात पुढे जाऊ लागली. तिने एका हातानेच नाणी ड्रायव्हरच्या खांद्यावरून पुढे केली.

"अँतिपोलो," ती म्हणाली.

"किती जण?" ड्रायव्हरने विचारलं.

"एक," ती म्हणाली. तिचा अंगठा बटणावरून हलला नव्हता.