पहिल्या तारखेपासून

पंकजाने बाटली उजेडाकडे धरली. केळीची नखाएवढी रोपं पारदर्शक जेलीच्या थरात रुजलेली, आणि एका कडेला दुधाळ ठिपका.

"ही खराब झालीय, जंतू शिरलेत. बाकीच्यांतून आजच बाजूला काढायला हवी."

"याआधी चौघा उमेदवारांनी पाहिली. कुणालाच दिसलं नाही," राजेश्वरीबाई म्हणाल्या. त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी तिच्या नावापुढे खूण केली, तेव्हा पंकजाला वाटलं, झालं काम. राहुरीजवळ, श्रीरामपूरहून तासाभरात येण्याजोगी नोकरी. एम.एस्सी. होऊन तीन वर्षं ती घरीच होती.

कंपनीचे मॅनेजर तांबे यांनी तिची फाइल मिटली.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"तीन."

"मूल?"

"नाही."

"म्हणजे आता विचार असेलच."

"आत्ता नाही, सर."

"सगळ्याच असं म्हणतात हो." ते काही रागावले नव्हते. "मागच्या मुलीला सहा महिने शिकवलं. हात बसला आणि गेली रजेवर. आमचीही अडचण समजून घ्या. बाहेर एक मुलगा बसलाय. तुमच्याइतका हुशार नाही, पण टिकेल."

पंकजाने राजेश्वरीबाईंकडे पाहिलं. त्या टेबलावरच्या बाटल्या एका रांगेत लावत होत्या.

तांब्यांनी घंटीकडे हात नेला.

"मला मूल होणार नाही, सर."

हात तिथेच राहिला.

"मंगळवारी नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं. रिपोर्ट आहे माझ्याकडे." तिने पर्स उघडली. तो कागद चार दिवस पर्सच्या आतल्या कप्प्यात होता. घरी तिने रिपोर्ट यायचाय म्हणून सांगितलं होतं. नवऱ्यालासुद्धा.

"नको, नको. कागद कशाला," तांबे घाईने म्हणाले. मग पाण्याचा ग्लास उगाच तिच्याकडे सरकवला. "वाईट वाटलं ऐकून." त्यांनी फाइल पुन्हा उघडली. "पहिल्या तारखेपासून येऊ शकाल?"

"हो."

राजेश्वरीबाई दारापर्यंत आल्या. त्यांनी दार धरून ठेवलं.

फाटकापाशी लिंबाखाली तिचा नवरा हनुमंत मोटारसायकलवर बसून होता. तिला पाहताच उतरला.

"काय म्हनले?"

"पहिल्या तारखेपासून यायचंय."

"खरं?" त्याने दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले, मग वॉचमन बघतोय म्हणून सोडले. "मी म्हनलंच हुतं. लई अवघड विचारलं का?"

"नाही. एक बाटली दाखवली. त्यात काय बिघडलंय ते ओळखायचं होतं."

"तुला कुठं अवघड हाय ते!" त्याने किक मारली. इंजिनाच्या आवाजावर तो मोठ्याने बोलू लागला. "आता रिपोर्ट बी चांगलाच येईल बघ. आईला म्हनलंय मी, एकदा हिला नोकरी लागू दे, मग पाळणा आमीच आणतो. बस की. फाट्यावर पेढे घेऊ."

पंकजा बसली नाही. मागच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली.

"बस ना."

"अहो," ती म्हणाली, "गाडी बंद करा जरा."