शेवाळाखालची तोंडं

डॉक्टरबाईंनी उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, प्लॅस्टिकचं पातं काचेला टेकवलं आणि वरून खाली ओढलं. शेवाळाची हिरवी पट्टी सोलून निघाली, क्षणभर तरंगली आणि तुकडे होऊन दगडांवर जाऊन बसली. काचेवर बोटभर रुंदीची फट पडली. तिच्यातून एक नारिंगी मासा बाहेर बघत होता.

"असा बघू नकोस," त्या म्हणाल्या. "मी काही मुद्दाम केलेलं नाही."

"काय म्हणालात?" टेबलावरच्या फोनमधून आवाज आला.

"तुम्हाला नाही. माशाला."

फोनवर मासेवाला होता. म्हणजे खायचे नव्हेत, बघायचे मासे विकणारा. त्याचा नंबर धाकट्या बहिणीने फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवला होता.

"खायला किती घालता?"

"सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक. आणि दुपारी बिचारे काचेशी येऊन उभे राहतात, म्हणून जरासं."

"आणि पाणी कमी झालं की?"

"नळाचं ओतते."



"मॅडम, तुम्ही दातांच्या डॉक्टर ना? एखादं पोर दिवसातून तीनदा गोळ्या-चॉकलेटं खातंय आणि आई विचारतेय, दात का किडले. तुम्ही काय सांगाल तिला?"

डॉक्टरबाईंनी पेन उचललं. अडतीस वर्षं हेच वाक्य त्यांनी आयांना ऐकवलं होतं. ऐकून घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

मग मासेवाल्याने एकेक गोष्ट सांगितली आणि त्यांनी ती ओल्या हाताने लिहून घेतली. खाणं दिवसाआड, तेही दोन मिनिटांत संपेल एवढंच. दिवा पाच तासांच्या वर नको. नळाचं पाणी बंद, फिल्टरचं शुद्ध पाणी घालायचं. पाच गोगलगायी तो पाठवून देणार होता. बाकीचं शेवाळ हातानेच उपटायचं आणि बाहेर टाकायचं. आत सोडलं तर तिथेच कुजून पुन्हा त्याचंच खत होतं.

"आणि एका दिवसात चकाचक करायला जाऊ नका. मासे दगावतील. शेवाळ हा आजार नाही मॅडम, लक्षण आहे."

"हेसुद्धा मीच सांगायचे लोकांना," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

टाकी धाकट्या बहिणीची. पाच फूट लांब, खाऱ्या पाण्याची, बाहेरच्या खोलीची एक भिंत अडवून बसलेली. अकरा वर्षांपूर्वी दोघी एकत्र राहायला लागल्या तेव्हा धाकटी कपड्यांच्या दोन बॅगा आणि ही टाकी घेऊन आली. डॉक्टरबाई तिला 'तुझं डबकं' म्हणत. धाकटी हाक मारायची, "ताई, लवकर ये गं, बघ तरी." त्या "आले हं" म्हणायच्या आणि पेपर वाचत बसायच्या.

सात आठवड्यांपूर्वी धाकटी स्टुलावरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन आता ती एका केंद्रात पुन्हा चालायला शिकत होती. बारा दिवसांनी घरी येणार होती. एखादा मासा उपाशी मेला तर हिला तोंड कसं दाखवायचं, या धास्तीने डॉक्टरबाईंनी हात सैल सोडला. मासे टुणटुणीत झाले आणि टाकीचं रान झालं.

दर भेटीत धाकटी एकेका माशाची चौकशी करायची. मधल्या दगडावरच्या प्रवाळाचा, म्हणजे कोरलच्या जिवंत तुकड्याचा, विषय मात्र काढायची नाही. तिचा सगळ्यात जास्त जीव त्याच्यावर होता. दोन तोंडांचा नखाएवढा तुकडा आणून तिने तो ओंजळभर वाढवला होता. वाईट बातमी ऐकायची भीती वाटत असेल, असं समजून डॉक्टरबाईही गप्प बसायच्या. कारण प्रवाळाच्या जागी आता नुसता हिरव्या केसांचा पुंजका डुलत होता.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मनाचा हिय्या केला. प्रवाळ गेलंच आहे, निदान त्याचा दगड तरी स्वच्छ करून ठेवू, म्हणजे धाकटीला घरात पाऊल टाकल्या टाकल्या हे बघायला नको. त्यांनी पांढऱ्या ट्रेमध्ये टाकीतलंच पाणी घेतलं, पुंजका दगडासकट त्यात ठेवला आणि खिडकीशी बसल्या. कपाटातून दवाखान्यातली जुनी बॅग काढली. भिंगांचा चष्मा डोळ्यांवर चढवला, बारीक चिमटा हातात घेतला. हात अजून स्थिर होता. बंद पडला होता तो दवाखाना.

पहिला झुबका सहज निघाला. दुसराही. तिसऱ्याच्या मुळाशी त्यांना फिकट, जाडसर कड दिसली. ओठासारखी. कडेच्या आत मध्यावर एक बारीक चीर होती.

त्यांनी चिमट्याचं टोक अलगद लावलं. चीर आवळली गेली.

डॉक्टरबाईंनी हात झटकन मागे घेतला.

"दुखलं का?" त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्या वाट बघत बसल्या. बऱ्याच वेळाने ती चीर सैल झाली, मग हळूहळू रुंदावली. आतला रंग कोवळ्या पानासारखा होता. कडेकडेने काचेच्या धाग्यांसारखे तंतू बाहेर आले. प्रत्येकाच्या टोकावर एक पांढरा ठिपका, टाचणीच्या डोक्याहूनही लहान.

अडतीस वर्षांत त्यांनी किती तोंडं पाहिली त्याची गणती नव्हती. सगळी 'आ करा' म्हटल्यावर उघडलेली. डोळे गच्च मिटून, खुर्चीचे हात घट्ट धरून. हे तोंड कुणी न सांगता उघडलं होतं. त्याला दात नव्हते, जीभ नव्हती, डोळे नव्हते, तरी समोर कुणीतरी आहे हे त्याला ठाऊक असावं असं वाटत होतं.

त्यांनी माशांच्या खाण्यातला एक कण चिमट्यात धरून त्यावर सोडला. जवळचा तंतू वाकला. त्याने तो कण पुढच्याकडे दिला, त्याने त्याच्या पुढच्याकडे, आणि तोंडाने तो आत घेतला. घाई नाही, गडबड नाही. आपलंही तोंड उघडं राहिलं आहे हे डॉक्टरबाईंच्या मग लक्षात आलं. त्यांनी ते मिटलं.

शेजारच्या झुबक्याखाली दुसरं तोंड होतं. त्याच्या पलीकडे तिसरं. दर वीस मिनिटांनी त्या ट्रेमधलं पाणी बदलत होत्या. फोन वाजून बंद झाला. चहावर साय आली. शेवटी मान अवघडली तेव्हा त्यांनी दगड जपून टाकीत परत ठेवला. अकरा तोंडं मोकळी झाली होती आणि एवढ्या कामाला त्यांना कधी इतका वेळ लागला नव्हता.

त्यानंतर रोज सकाळचा तासभर त्याच्यासाठीच होता. एकेक केस मुळाशी धरायचा आणि ओढायचा. गोगलगायी आल्या आणि निमूटपणे कामाला लागल्या. त्यांच्या मागे काचेवर स्वच्छ वाटा उमटत गेल्या. डॉक्टरबाईंनी पेपर बंद केला नाही, पण तो घडी न मोडता पडून राहू लागला.

बाराव्या दिवशी धाकटी वॉकर टेकत घरात आली. कुणी काही म्हणायच्या आत टाकीसमोरच्या खुर्चीत बसली. तिने सगळे मासे नजरेने मोजले. मग तिची नजर मधल्या दगडावर गेली आणि तिथेच थांबली.

डॉक्टरबाई तिच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं.

"टाकीचं पार रान झालं होतं. माझ्यामुळेच. जास्त खायला घातलं, नळाचं पाणी ओतलं. तुला आधीच सांगायला हवं होतं."

धाकटीने मान वळवली नाही.

"हे कुठून आणलंस?"

"काय?"

"हे नवीन प्रवाळ."

"नवीन कुठलं? तुझंच आहे ते."

"ताई, ते मेलं होतं." धाकटीचा आवाज अगदी खाली गेला. "उन्हाळ्यात पाणी तापलं आणि ते पांढरं पडत गेलं. हाडासारखं. महिनाभर वाट बघितली मी. शेवटी ते काढून टाकायलाच स्टुलावर चढले होते, तेव्हा तर पडले. तुला म्हटलं नाही. तू म्हणाली असतीस, डबक्यात आणखी काय होणार."

डॉक्टरबाईंनी 'नाही' म्हटलं नाही. त्या हेच म्हणाल्या असत्या. त्यांनी मासेवाल्याला फोन लावला, झालं ते सगळं सांगितलं आणि फोन धाकटीलाही ऐकू येईल असा धरला.

"पांढरं म्हणजे मेलेलंच असतं असं नाही," तो सावकाश म्हणाला. "उपाशी असतं. कडक उजेड सोसत नाही, खाणं लागतं. तुम्ही खाणं घातलंत आणि वर शेवाळाची सावली पडली. आणखी महिनाभर तेच शेवाळ राहिलं असतं तर गुदमरलं असतं. दोन्ही बरोबर वेळेवर झालं." मग त्याने पुस्ती जोडली, "पण खरं सांगू का मॅडम, हेच कारण असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. आणि असं करा म्हणून कुणाला सल्लाही देणार नाही."

फोन बंद झाल्यावर बराच वेळ दोघी नुसत्या बघत राहिल्या. माशाने शेपूट हलवली की ते सगळे तंतू एका बाजूला झुकत आणि पुन्हा उभे राहत.

"किती तोंडं झाली गं?" धाकटीने विचारलं.

"मोजली नाहीत."

"बत्तीस दात मोजून घेणारी बाई तू."

डॉक्टरबाईंनी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसल्या. डावीकडून सुरुवात करायची ठरली. धाकटी बोट दाखवत होती आणि डॉक्टरबाई मोजत होत्या. सव्विसाव्याशी त्या अडल्या. तिथली कड मध्येच आवळत आली होती, आणि एकाच ओठाच्या आत दोन चिरा शेजारी शेजारी उघडल्या होत्या.

"हे एक धरू की दोन?"

धाकटी काचेला नाक लागेपर्यंत पुढे वाकली.

"थांब," ती म्हणाली. "त्याचं अजून ठरतंय."