न विझलेली ओळ

फ्लूच्या विषाणूकडे एक कात्री असते, म्हणजे कापणारं प्रथिन. ती चालली की आमच्या प्लास्टिकच्या ताटलीतले बारीक खळगे अतिनील दिव्याखाली निळे चमकतात. औषध कात्री अडवतं. प्रत्येक ओळीत औषध डावीकडून उजवीकडे वाढत जातं, म्हणून चमक उजवीकडे विझत जायला हवी. ती विझली नाही, तर विषाणू औषधाला जुमानत नाही.

त्या दिवशी एका ओळीत दादाचा नमुना होता. दादाला वहिनीने मूत्रपिंड दिलेलं. शरीराने ते नाकारू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली, आणि फ्लूची गोळी चालू असूनही ताप हटत नव्हता. "पाहुणा ठाण मांडून बसलाय," तो सकाळी फोनवर म्हणाला होता. "तुझ्याकडे धाडलाय. विचार त्याला, कधी निघणार." शिरेतून द्यायचं दुसरं औषध होतं, पण ते सहज मिळत नसे. डॉक्टर आमच्या निकालावर अडले होते.

मी दिवा लावला. दादाची ओळ शेवटच्या खळग्यापर्यंत निळी होती. तिच्या खालचीही तशीच, पण तिथे आम्ही तुलनेसाठी जपलेला, औषधाला दाद न देणारा विषाणू असतो.

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई डोकावल्या. दोन्ही ओळींत एकच विषाणू घातलास की काय, त्यांनी विचारलं. तसंच असू दे, असं मला मनापासून वाटलं. स्वतःची चूक मला इतकी हवीशी कधी झाली नव्हती.

बाईंनी हातमोजे चढवले. "आता मी भरते. नातेवाइकांनी खरं तर बाहेर बसायचं असतं, पण तुला खुर्ची देते." त्यांनी दुसऱ्या औषधाचीही ओळ भरली.

पुन्हा दिवा. गोळीची ओळ पुन्हा निळीच.

म्हणजे चूक झाली होती, पण ती विषाणूच्या हातून. जनुकक्रमात पुढे तेच दिसलं: कात्रीच्या प्रथिनातल्या शेकडो दुव्यांपैकी एकच बदललेला. विषाणूला ना डोळे, ना मेंदू; औषध म्हणजे काय हेही ठाऊक नाही. दादा विनोद करत होता तेव्हा त्याच्याच छातीत असंख्य नकला निघत होत्या, आणि त्यांतली एक चुकलेली नक्कल तगली होती. मला भीती वाटायला हवी होती. मी नुसती त्या निळ्याकडे बघत राहिले.

मग बाईंनी खाली बोट दाखवलं. दुसऱ्या औषधाची ओळ सुरुवातीलाच काळी पडली होती.

"सापडला," म्हणत त्या डॉक्टरांना फोन करायला गेल्या.

औषध बदललं. ताप सावकाश उतरला. तापात बसलेला आवाज परतल्यावर दादाने पहिल्यांदा पाहुण्याची चौकशी केली. मी सांगितलं, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये आहे, यापुढे तुलनेला बाई त्यालाच वापरणार.

"म्हणजे मुक्काम तुझ्याकडे हलवला," दादा म्हणाला.

आता दिवा लावला की बाकीच्या ओळी उजवीकडे विझत जातात. ती एक विझत नाही. मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघते, आणि मग आकडे टिपून घेते.