स्वतंत्र शौचालय : होय

दुसऱ्या लाटेत भिमाजीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा गावची आशा सेविका स्नेहल फॉर्म घेऊन दारात उभी राहिली. पेशंटला घरीच ठेवायचं तर दोन अटी होत्या: स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय. रांजणगावच्या कारखान्यांमागच्या त्या चाळीत खोल्या दहा होत्या आणि संडास एक. फॉर्म ज्यांनी तयार केला, त्यांनी तो बहुधा बंगल्यात बसून केला असावा.

अटी जमल्या नाहीत तर कोविड सेंटरला न्यायचं. मागच्या आठवड्यात शेजारच्या वच्छलाबाईला तिकडं नेलं होतं, आणि परत आली ती फक्त तिची पिशवी. नवऱ्याला तिकडं जाऊ द्यायचं नाही, एवढं सोजराबाईनं ठरवून टाकलं.

ती आधी मालकांकडं गेली. चाळ शंकररावांची, समोरचा बंगलाही त्यांचाच, आणि त्यातली फरशी ती सहा वर्षं पुसत होती. त्यांचा मुलगा विश्वजीत पुण्याहून हाच आजार घेऊन आला होता आणि वरच्या मजल्यावर राहत होता. त्याचा फॉर्म दोन मिनिटांत भरून झाला. खालची पाहुण्यांची खोली संडासासकट रिकामी होती. शंकररावांनी फाटकाआडून सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हळहळले, आणि सॅनिटायझरची बाटली दिली.

मग चाळीनंच मार्ग काढला. सोजराबाई शेजारच्या ताईबाईकडं झोपणार. संडास आजपासून एकट्या भिमाजीचा. बाकी सगळी चाळ पहाटे डबा घेऊन उसात जाणार.

"लग्नात बी एवढा मान मिळाला नसंल दाजींना," ताईबाई म्हणाली.

स्नेहलनं खाली मान घालून 'होय' लिहिलं.

तीन दिवस फॉर्म खरा राहिला. चौथ्या पहाटे शंकररावांना आपल्या उसात अख्खी चाळ दिसली. गाव हागणदारीमुक्त असल्याची पाटी त्यांच्याच कुंपणावर होती. तक्रार गेली, चौकशी झाली, 'होय' खोडून 'नाही' झालं. दुपारी गाडी आली. भिमाजी आपल्या पायांनी चढला. सोजराबाईचा रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणून तिला सोबत जाता आलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला. पोचलो, कॉट मिळाली, म्हणाला.

"आन् संडास?"

"साठ जणांत दोन. लाईनीतच उभा हाय."

"म्होरं किती हायेत?"

"चौदा."

"उभं ऱ्हावतंय का तुमाला?"

तिकडून खोकला ऐकू आला, मग कुणीतरी 'बाबा, पुढं सरका' म्हणालं. सोजराबाई फोन कानाला धरून उत्तराची वाट बघत बसली.