वावरातलं बाळंतपण

वाशिमजवळच्या मालेगावच्या पेठेत पूनमचंदांचं कापडाचं दुकान होतं. दुकानामागच्या खोलीत पूर्वी कापडाच्या गठाणी ठेवत. पंचाहत्तर साली, महिला वर्ष म्हणून जिकडेतिकडे भाषणं चालली होती, तेव्हा त्यांच्या बायकोनं, जतनबाईनं, ती खोली मागून घेतली. प्राथमिक शाळेतली मास्तरीण कस्तुराबाई तिची मैत्रीण. दोघींनी मिळून तिथे स्त्री चित्रकला मंडळ काढलं. नाव असं भारदस्त असलं तरी गावात सगळे 'चितरणाऱ्या बायांची खोली' असंच म्हणत.

बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून बाया यायच्या. बाजार उरकला की तास-दोन तास खोलीत बसायच्या. सणावारी भिंतीवर चितारणारे हात ते. त्यांना गठाणींतले खाकी कागद मिळायचे, गेरू, चुना, काजळ, हळद आणि कपड्यांची नीळ. झाडण्यापासून रंग कालवण्यापर्यंत सगळं जतनबाई आणि कस्तुराबाई हातानं करत. मंडळाचे नियम दोनच होते. चित्राखाली बाईनं स्वतःचं नाव लिहायचं, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई नाही. आणि ज्या बाईला आपलं जे चित्र लावावंसं वाटेल ते लागेल, दुसऱ्या कुणी निवडायचं नाही. हा दुसरा नियम जतनबाईनंच सुचवला होता.

मेडशीची सोजरबाई पहिल्याच महिन्यात आली. घरची थोडी शेती, नवरा रामकिसन, सहीऐवजी अंगठा उठवणारी बाई. जतनबाईनं तिचा हात धरून तिला नाव गिरवायला शिकवलं. 'ज' तिला फार दिवस जमला नाही. चित्राचं मात्र तिला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. ती कागदावर वाकली की बाकीच्या बाया आपलं काम थांबवून तिच्याकडे बघत बसायच्या.

दिवाळीनंतर ठरलं की धर्मशाळेच्या दालनात प्रदर्शन भरवायचं. वाशिमच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका उद्घाटनाला यायच्या होत्या. सोजरबाईनं त्यासाठी चार कागद खळीनं जोडून मोठं चित्र काढलं. ज्वारीचं उभं पीक, मधे थोडी कापलेली जागा, आणि त्या जागेत एक बाई बाळंत होत होती. गुडघे उभे, डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं. तिघीजणी लुगडं पसरून आडोसा धरून उभ्या. पलीकडे गडीमाणसं ओळीनं पाठमोरी. जमिनीवर विळा. बाळ अर्धं बाहेर आलेलं.

"हे मीच हाओ," सोजरबाई म्हणाली. "धाकटी पोरगी अशीच झाली. घरी जायाले येळच नाई भेटला. आन ह्या तिघी आमच्या आळीतल्याच. त्याइले सांगतलं म्या, तुमी बी हा चित्रात."

"लई खरं उतरलं," जतनबाई म्हणाली, आणि तिला ते मनापासून वाटलं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी सगळी चित्रं लावून झाली. कस्तुराबाई पाहुणीला आणायला स्टँडवर गेली. जतनबाई दालनात एकटी राहिली. दारातून एकदा सगळं नजरेखालून घालावं म्हणून ती मागे सरकली, आणि समोरच्या भिंतीवरचं ते चित्र तिला एकाएकी दुसऱ्याच कुणाच्या तरी डोळ्यांनी दिसलं. सासऱ्यांच्या. धर्मशाळेच्या पंचांच्या. पेठेतले सगळे शेठ घरच्या बायांना घेऊन येणार, सुना डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहणार, आणि समोर हे. पूनमचंदांच्या बायकोनं धर्मशाळेत काय टांगलं ते पाहिलं का, असं दुकानादुकानांत म्हणतील.

तिला कुणीही काही म्हटलं नव्हतं. पंचांनी तर चित्रं पाहिलीसुद्धा नव्हती.

तिनं स्टुलावर चढून ते चित्र काढलं, गुंडाळलं आणि घरी नेऊन कपाटात, जुन्या चादरींखाली ठेवलं. भिंतीवर मोठी जागा रिकामी दिसू लागली. तिथे तिनं आपलंच एक चित्र लावलं, पिसारा फुलवलेला मोर. तो तिनं कॅलेंडरवरून पाहून काढला होता.

पाहुण्या बाई आल्या, फीत कापली. मोरापाशी थांबून म्हणाल्या, "किती नीटस काम आहे! कुणाचं?" जतनबाईनं मान खाली घालून आपलं नाव सांगितलं. टाळ्या पडल्या. कस्तुराबाईनं मोराकडे पाहिलं, जतनबाईकडे पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही.

अकराच्या एसटीनं सोजरबाई आली. एकटी नव्हती. रामकिसन होता आणि चित्रातल्या त्या तिघी होत्या. कापणीचे दिवस, तरी मजुरीचा रोज बुडवून आलेल्या. तिघींनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. त्या भिंतीभिंतीनं हळूहळू फिरू लागल्या, प्रत्येक चित्रात स्वतःला शोधत.

"कुठी हाय वं आमी?" त्यांच्यातली एक म्हणाली.

सोजरबाई दालनाला दोन वेढे घालून जतनबाईपाशी आली. "जतनबाई, माह्यं चित्र नाई दिसून राह्यलं."

जतनबाईच्या तोंडून आपोआप निघालं, "सोजरबाई, काय सांगू... तेल सांडलं त्याच्यावर. माह्याच हातून. दिव्याची बाटली कलंडली."

सोजरबाईनं जतनबाईच्या दंडावर हात ठेवला. "जाऊ द्या. माणसाच्या हातून सांडतेच. तुमचा चेहरा कायले असा झाला? म्या दुसरं काढीन." आणि त्या तिघींकडे वळून म्हणाली, "तेल सांडलं म्हंते वं. बाईले लई वाईट वाटून राह्यलं." तिघींनीही जतनबाईची समजूत घातली. मग मोरापाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, हा बी झ्याक हाय. दीडच्या एसटीनं सगळे परत गेले.

पुढचा आठवडाभर जतनबाईला जेवण गोड लागलं नाही. आपण भित्र्या आहोत हे तिला आधीपासून ठाऊक होतं. त्याची लाज एक वेळ पचली असती. पण दंडावर ठेवलेला तो हात ती विसरू शकत नव्हती. चादरी काढण्याच्या निमित्तानं ती कपाट उघडायची आणि गुंडाळी पाहून तसंच लावायची. पूनमचंदांनी एकदा विचारलं, "तुझं काही दुखून राह्यलं काय?" ती नाही म्हणाली.

पुढच्या बाजाराला सोजरबाई नवं चित्र घेऊन आली. तेच वावर, तेच बाळंतपण, पण कागद लहान. ज्वारी विरळ होती आणि लुगडं धरणाऱ्या तिघी एकमेकींना चिकटल्या होत्या. खोलीत बारा-तेरा बाया बसल्या होत्या. सोजरबाईनं कागद जतनबाईपुढं ठेवला.

"पयल्यावानी नाई आलं. पंधरा रोज काढले होते त्याच्यासाठी, हे तीन रोजात केलं. पाय लाकडावानी झाले. पन तुमी मनाले लावून घेतलं म्हनून आनलं. आता चिंता करू नका."

जतनबाई उठली. पेठेच्या बाजूच्या दारानं घरी गेली आणि कपाटातली गुंडाळी घेऊन आली. सगळ्या बायांसमोर तिनं ती उलगडली. कस्तुराबाईनं एक टोक धरलं.

सोजरबाई वाकून बघू लागली. बोटानं तिनं कागद चाचपला, वरपासून खालपर्यंत. मग उलटून मागची बाजू पाहिली.

"तेल कुठी हाय?"

"तेल नाही सांडलं," जतनबाई म्हणाली. "मी खोटं बोलली. मीच काढून कपाटात ठेवलं होतं."

"काहून?"

"मले लाज वाटली. लोक काय म्हणतील असं वाटलं."

"कोनं काई म्हटलं होतं काय?"

"नाही. कोणीच नाही."

सोजरबाई चित्रातल्या पाठमोऱ्या माणसांवर बोट ठेवून म्हणाली, "हे गडी हायेत ना, ह्याइनं कोनाच्या सांगन्याबिगर तोंडं फिरवली होती. पन आडोसा धराले कोनी लाजलं नाई. त्या तिघी जनी आपला रोज बुडवून तुमच्याकडं आल्या. आन म्या त्याइले सांगतलं, बाईची चूक नाई."

तिचा आवाज चढला नव्हता. जतनबाईला वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं.

सोजरबाईनं मोठं चित्र गुंडाळलं आणि काखेत घेतलं. लहान तिथेच राहू दिलं. "हे असू द्या तुमच्या कपाटात," असं म्हणून ती गेली.

बाया गेल्यावर जतनबाई म्हणाली, "कस्तुरा, मी मंडळ सोडते. किल्ली तू ठेव."

"किल्ली ठेवते," कस्तुराबाई म्हणाली, "पण तू सोडून घरी बसलीस तर तुझंच मन हलकं होईल, त्या बाईचं काय? आणि ऐक, मोर पाहिला तेव्हाच मी ओळखलं होतं. पाहुण्यांसमोर कायले बोलायचं म्हणून गप्प बसली. मलाही मेडशीला जावं लागेल."

दोघी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेल्या. सोजरबाई वावरात गेली होती. रामकिसननं ओट्यावर बसवून पाणी दिलं. चित्र घराच्या बाहेरच्या भिंतीवर खळीनं चिकटवलेलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. जतनबाई त्या तिघींकडे एकेकीच्या घरी गेली. पहिली हसली आणि म्हणाली, शेठाणी लाजली म्हनते. दुसरी चुलीपुढून उठलीच नाही. तिसरीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमचे तोंडं वाईट होते काय त्याच्यात?" "तुमची तोंडं लई चांगली होती. माह्यंच वाईट," जतनबाई म्हणाली.

सोजरबाई वावरातून परतली नाही; शेवटच्या एसटीनं दोघी निघाल्या.

सोजरबाई होळीपर्यंत खोलीकडे फिरकली नाही. मंडळ चालू राहिलं. चित्रं लावायचं काम कस्तुराबाई आणि खेड्यांवरच्या दोन बाया करू लागल्या. जतनबाई झाडायची, कागद कापायची, रंग कालवायची. तिनं बरेच दिवस चित्र काढलं नाही. काढायला बसली की तो मोर आठवून तिला स्वतःचीच शिसारी यायची.

होळीनंतरच्या बाजाराला सोजरबाई दारात उभी राहिली. कुणाला काही न सांगता आत आली आणि जतनबाईपासून दूर, कस्तुराबाईच्या शेजारी बसली. कागद घेतला. या खेपेला तिला विहिरीचं चित्र काढायचं होतं, पाणी भरणाऱ्या बायांसकट. जतनबाई रंग कालवत राहिली. शेवटी जतनबाईनंच विचारलं, "सोजरबाई, अजून राग आहे काय?"

सोजरबाईनं मान वर केली नाही. "हाव," ती म्हणाली. "हाय."

मग हात पुढं केला. "तो निळीचा डबा सरकवा इकडं."

जतनबाईनं डबा उचलला आणि उठून तिच्यापाशी नेऊन ठेवला.