चहाचे खोटे डाग

मित्रांनो, मी पुस्तकांच्या दुकानातली एक जुनी फळी आहे. दारातून आत आलात की उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर. लाकडाला राग येत नाही म्हणतात. मला आलाय, आणि का ते ऐकूनच पुढे जा.

मोडीत काढलेल्या एका पलंगातून सुताराने मला रंधा मारून घडवलं. दुकानाची मालकीण ताई. तिचा नेम असा, की माझ्यावर विकायचं पुस्तक ठेवायचंच नाही. स्वतः शेवटच्या पानापर्यंत वाचलेली प्रत ठेवायची, दुमडलेल्या कोपऱ्यांसकट, चहाच्या डागांसकट. गिऱ्हाइकाने ती चाळावी आणि आवडली तर आतून कोरी घ्यावी. ज्या लेखकाला दुकानात बोलवायचं, त्याचं पुस्तकही आधी असंच माझ्यावर यायचं. ताई माझ्यापाशी निरूपणाला उभी राहिली की माणसं हातातल्या पिशव्या खाली ठेवून ऐकत. नेहमीच्या एक बाई म्हणायच्या, "डॉक्टरचं एकवेळ ऐकणार नाही, पण या फळीचा शब्द मोडणार नाही." मी धन्य व्हायचे.

मग ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि वाचन बंद पडलं. एका नव्या लेखिकेचा कार्यक्रम ठरलेला होता. ताईने धाकट्या भावाला तो पुढे ढकलायला सांगितलं. तो "हो हो" म्हणाला आणि ढकलला नाही. भाऊ मनाने वाईट नाही, पण काम उरकण्यात पटाईत. त्याने चार कोऱ्या प्रती घेतल्या, कोपरे दुमडले, आणि गार चहा चमच्याने त्यांच्यावर असा शिंपडला, जणू तीर्थच. मग त्या माझ्या अंगावर मांडल्या. माझ्या! मला हात असते तर मी त्या तिथेच फेकल्या असत्या.

लेखिका आली. डागांवरून बोट फिरवत राहिली. तिचं हे पहिलंच पुस्तक. कुणीतरी ते चहा पितानाही खाली ठेवलं नाही, याचंच तिला अप्रूप. तिने भाऊला विचारलं, कुठला भाग आवडला?

"मधला," भाऊ म्हणाला. "मधला वाचताना तर डोळ्यांत पाणी आलं."

मग तोच वाचून दाखवते म्हणून तिने माझ्यावरची प्रत उघडली. छापखान्याच्या चुकीने त्या प्रतीची मधली पानं कोरीच राहिली होती. ती उलटत गेली. कोरं, कोरं, कोरं.  शेवटी त्या नेहमीच्या बाई उठल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि आम्ही हिच्या भरवशावर राहिलो."

हिच्या! खोटं बोलणारा भाऊ शेजारीच धडधाकट उभा, आणि बोट माझ्याकडे!

दुसऱ्या दिवशी हे कानावर गेल्यावर ताई काळा चष्मा लावून आली. हाताने चाचपत तिने मला रिकामी केलं. भाऊ पुटपुटला की कुणाचं काय बिघडलं, पुस्तक चांगलंच असेल.

"असेल?" ताई म्हणाली. "मग वाच. मोठ्याने. मी ऐकते."

धड प्रत घेऊन तो माझ्याखाली स्टुलावर बसला. घसा बसेपर्यंत रोज वाचत राहिला. गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली. त्या बाईही आल्या. बातमी लागली तशी शेवटच्या दिवशी लेखिकाही येऊन मागे बसली. वाचन संपलं, आणि सगळ्यांचे डोळे ताईकडे लागले.

"पोरी," ताई म्हणाली, "आईच्या माघारी मुलगी घर आवरते, तेवढं खरं उतरलंय. बाकी नुसतं सजवलंयस. या फळीवर नाही ठेवता येणार."

 पण लेखिका उठून गेली नाही. "कुठे कुठे सजवलंय, तेवढं सांगा," असं म्हणून तिने खुर्ची पुढे ओढली.

मित्रांनो, न वाचता वाहवा करू नका. ती ऐकणाऱ्यालाही फसवते आणि लिहिणाऱ्यालाही. मी रिकामी राहीन, धूळ खाईन, पण खोट्याचं ओझं माझ्यावर ठेवू नका.

परवा भाऊ एक पुस्तक घेऊन माझ्यापाशी आला. ताईने आतून विचारलं, "संपलं?"

"दोन प्रकरणं राहिलीत."

तो घुटमळला. मग स्टूल ओढून खाली बसला आणि वाचू लागला. माझा राग अजून गेलेला नाही. पण जागा मी धरून ठेवली आहे.