कॉलरची चाल

कॉलर शिवायची म्हणजे आधी कडेनं सरळ लांब टाका. मग टोकाशी थांबायचं, सुई कापडातच ठेवून वळायचं आणि छोटा टाका घालायचा. लग्न झाल्या झाल्या वहिनी कारखान्यात त्या मशीनवर बसली, ती बसलीच. आवाजानं कान किटले, पाठ धरली. इथून सुटायचं, एवढाच तिचा जप.

आणि एका दुपारी, ध्यानीमनी नसताना, लांब टाक्याच्या ठेक्यावर तिच्या मनात एक ओळ आली:

दाराला कडी नाही, तरी मी आतच.

टोकाशी वळली, तर छोट्या टाक्यावर आलं:

का?

अगं बाई! वहिनी चाटच पडली. शाळा सुटल्यापासून तिनं कवितेचं तोंड पाहिलं नव्हतं. पुढच्या कॉलरवर पुढची जोडी आली:

ऊन खिडकीत येतं, बसतं, उठून जातं.
मी?

नेमकी तेव्हाच मुकादमाला दया आली. "उद्यापासून तपासणीच्या टेबलावर बसा. खिडकीपाशी. मशीनची कटकट नाही." त्या टेबलासाठी तिनं किती वर्षं त्याच्या विनवण्या केल्या होत्या!

टेबलावर शांतता होती, ऊनही होतं, पण कविता काही पुढे सरकेना. वहिनीनं मांडीवर बोटं वाजवून पाहिली, पाय हलवून पाहिला. छे! शेजारी बटणं लावणारी नणंद हसली, "काय वहिनी, सुख टोचतंय वाटतं?"

टोचतच होतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तिचं स्वतःचं सुरू झालं होतं, आणि ते अर्ध्यात मरत होतं. थोडे दिवस कळ काढून शेवटी ती मुकादमासमोर उभी राहिली.

"मला माझं मशीन परत द्या."

"डोकं ठिकाणावर आहे ना? या टेबलासाठी रांग लागलीय. पुन्हा मिळणार नाही, सांगून ठेवतो."

"नाही मिळालं तर नाही."

नणंदेनं कपाळावर हात मारून घेतला.

वहिनी मशीनवर बसली, पेडल दाबलं. लांब टाका धावला:

कडी शोधत फिरले, तर दार धरून होती

वळली. छोटा टाका.

माझीच बोटं.

तिचे हात थांबले. झालं! यापुढे काही नव्हतंच. उरलेली कविता एकाच कॉलरमध्ये पुरी झाली आणि मशीन मात्र आता जन्माचं गळ्यात पडलं. वहिनीला आधी हसू आलं, मग रडू फुटलं. खिडकीपाशी तिच्या खुर्चीत दुसरीच कुणी बसली होती. मुकादम ओरडला, तशी तिनं डोळे पुसले आणि ढिगातली पुढची कॉलर ओढली.